लिंकनचं चरित्र हाती घेताना

माझ्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक चौकट टांगलेली होती. काचेमागे पिवळा पडलेला कागद आणि त्यावर अब्राहम लिंकननं आपल्या मुलाच्या गुरुजींना लिहिलेलं पत्र. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ते कुठे ना कुठे वाचलेलं असतं. वसंत बापटांच्या अनुवादामुळे ते आपल्याकडे इतकं रुजलं, की निरोपसमारंभ असो की शिक्षकदिन, कुणीतरी ते वाचून दाखवतंच. आठवीत असताना मीही वाचून दाखवलं होतं आणि शेवटी गळा दाटून आला होता.

पुढे लिंकनची चरित्रं वाचायला लागलो तेव्हा प्रत्येक पुस्तकात मी ते पत्र शोधायचो. सापडलं नाही. लिंकनच्या हातची पत्रं, भाषणं, टिपणं असं सगळं लेखन रॉय बॅसलर यांच्या संपादनाखाली १९५३ साली आठ खंडांत छापलं गेलं. तिथेही ते नाही. मुलांची माहिती पाहिली तर पत्र बसवायला जागाच मिळत नाही. थोरला रॉबर्ट १८५९ साली न्यू हॅम्पशरमधल्या एक्सेटरच्या शाळेत गेला तो सोळा वर्षांचा होऊन. एडी चौथ्या वाढदिवसाआधीच वारला होता. विली १८६२च्या फेब्रुवारीत व्हाइट हाउसमध्ये तापानं गेला. धाकट्या टॅडला घरीच शिकवणी होती, आणि वडील गेले तेव्हा बारा वर्षांच्या त्या पोराला धड वाचताही येत नव्हतं. ते पत्र लिंकनचं नाही.

मला वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून चरित्र वाचायची माझी रीत बदलली. लेखकानं एखादी गोष्ट सांगितली, की मी थांबून विचारतो: हे कुणी पाहिलं? कधी सांगितलं? कुणाला सांगितलं? लिंकनवर इंग्रजीत पंधरा हजारांहून अधिक पुस्तकं आहेत असं म्हणतात. वॉशिंग्टनमध्ये ज्या फोर्ड्‌स थिएटरात त्याला गोळी लागली, त्याच्या समोरच्या इमारतीत या पुस्तकांच्या प्रतिकृतींचा चौतीस फूट उंच मनोरा उभा केला आहे. एवढ्या ढिगातून चांगलं पुस्तक निवडायचं तर पानांची संख्या किंवा मिळालेली बक्षिसं फारशी कामाची नाहीत. हे तीन प्रश्न मात्र कामाला येतात.

तीन ढीग

कुठलंही लिंकनचरित्र तीन प्रकारच्या साधनांतून उभं राहतं. पहिला ढीग त्यानं स्वतः लिहिलेल्या कागदांचा. दुसरा त्याच्या हयातीत, घटना घडत असताना इतरांनी लिहून ठेवलेल्या गोष्टींचा: डायऱ्या, पत्रं, वर्तमानपत्रातल्या बातम्या. तिसरा ढीग तो गेल्यावर लोकांनी सांगितलेल्या आठवणींचा. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याला ओळखीचा आहे, म्हणून हे समजायला जड जाऊ नये. अडचण अशी, की लिंकनच्या आयुष्यातली सगळ्यांत रसाळ पानं तिसऱ्या ढिगातली आहेत.

बालपणच घ्या. १२ फेब्रुवारी १८०९ला केंटकीत जन्म, १८१६च्या हिवाळ्यात इंडियानात स्थलांतर, १८१८च्या ऑक्टोबरात आई नॅन्सी दूधबाधेनं गेली. विषारी झाडपाला खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन होणारा हा आजार. पुढच्याच वर्षी सावत्र आई सेरा बुश घरात आली. याबद्दल लिंकननं स्वतः लिहिलंय ते जेमतेम दोन छोटी टिपणं, एक १८५९च्या डिसेंबरात आणि दुसरं १८६०च्या निवडणुकीच्या वेळी. तीही निवडणूक प्रचाराला हवी म्हणून. त्याला आपल्या बालपणाबद्दल बोलायला आवडत नसे. मग शेगडीच्या उजेडात वाचणारा, मैलोन्‌मैल चालत जाऊन पुस्तक आणणारा अब्राहम आपल्याला कुणी दिला?

मुख्यतः एका माणसानं. विल्यम हर्नडन हा इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डचा वकील, १८४४पासून लिंकनचा भागीदार. लिंकनचा खून झाल्यावर एका वर्षाच्या आतच जोसाया हॉलंड या मॅसॅच्युसेट्‌सच्या संपादकाचं चरित्र बाजारात आलं आणि त्याच्या लाखभर प्रती खपल्या. त्यातला लिंकन सोज्ज्वळ, श्रद्धाळू, जवळजवळ संतच. ज्यानं त्या माणसाबरोबर सोळा-सतरा वर्षं एका कचेरीत काढली, कोचावर आडवं पडून त्याचं मोठ्यानं पेपर वाचणं सोसलं, त्या हर्नडनला हा लिंकन ओळखूच येईना. त्यानं ठरवलं, आपण खरा लिंकन लिहायचा. १८६५पासून तो केंटकी, इंडियाना, इलिनॉयमधल्या लोकांना पत्रं धाडू लागला, गावोगाव फिरून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना भेटू लागला. शेजारी, शाळासोबती, दुकानदार, सोयरे, जो सापडेल त्याचं बोलणं टिपून ठेवलं.

मला हे काम फार थोर वाटतं. त्या काळी राष्ट्राध्यक्षाच्या चरित्रासाठी कुणी शेतकऱ्याच्या बायकोला प्रश्न विचारत नसे. हर्नडननं विचारले. आज आपल्याला लिंकनचं न्यू सेलम गावातलं, किराणा दुकान बुडालेलं, जमीन मोजत फिरणारं तरुणपण जे काही माहीत आहे, त्यातला बराच भाग या एका माणसाच्या पायपिटीमुळे आहे.

पण तीस-तीस वर्षांनंतरच्या आठवणी त्या. आणि ज्याच्याबद्दल विचारलं जातंय तो आता फक्त 'आपला एब' उरलेला नाही. तो गोळी खाऊन मेलेला, गुलामांना सोडवणारा महापुरुष झालाय. अशा वेळी माणूस खोटं बोलतो असं नाही. त्याची आठवणच वाकते. शिवाय हर्नडनच्या मनातही गाठी होत्या. लिंकनची बायको मेरी टॉड आणि तो यांचं कधी पटलं नाही. पहिल्याच ओळखीत, नाचताना तुम्ही सापासारख्या सळसळता, असं काहीसं तो कौतुकानं म्हणाला आणि तिला ते झोंबलं, ही हकीकत त्यानं स्वतःच लिहून ठेवली आहे.

अ‍ॅन रटलेज आणि ४० नंबरचा तुकडा

या गाठीचा परिणाम १८६६च्या नोव्हेंबरात दिसला. स्प्रिंगफील्डमधल्या एका व्याख्यानात हर्नडननं जाहीर केलं, की लिंकनचं खरं प्रेम न्यू सेलमच्या खानावळवाल्याची मुलगी अ‍ॅन रटलेज हिच्यावर होतं. ती १८३५च्या ऑगस्टमध्ये तापानं वारली, लिंकन वेडापिसा झाला, आणि त्यानंतर त्यानं कुणावरही तसं प्रेम केलं नाही. मेरी तेव्हा हयात होती. दीड वर्षापूर्वी शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या डोक्यात गोळी शिरलेली तिनं पाहिली होती. त्या बाईनं हे वर्तमानपत्रात वाचलं.

अ‍ॅनची गोष्ट खरी की खोटी यावर अभ्यासकांत शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे. अ‍ॅन नावाची मुलगी होती, ती अकाली गेली आणि लिंकनला त्या काळात जबर दुःख झालं, एवढं बऱ्याच साक्षींत येतं. पण लिंकनच्या हातचा एकही शब्द तिच्याबद्दल नाही. १९४५मध्ये जेम्स रँडल या इतिहासकारानं सगळ्या साक्षी तपासून प्रेमकथा जवळजवळ निकालात काढली. नंतर, विशेषतः १९९०च्या दशकात, डग्लस विल्सन आणि इतरांनी हर्नडनची मूळ टिपणं पुन्हा वाचली. सगळे साक्षीदार एकाच वेळी चुकीचं बोलले असं मानणंही अवघड आहे, असं त्यांनी दाखवलं. ती टिपणं १९९८मध्ये संपूर्ण छापली गेली, त्यामुळे आता कुणालाही स्वतः पाहता येतात. माझं मत विचाराल तर लिंकनला अ‍ॅन आवडत असावी. पण त्यानंतर त्याचं कुणावर प्रेम जडलंच नाही, हे हर्नडनला ठाऊक असण्याचा काही मार्गच नव्हता.

लोकांना मात्र पुरावा हवा होता, आणि हवा असलेला पुरावा कुणीतरी तयार करतंच. १९२८च्या डिसेंबरात 'अटलांटिक मंथली' या नामांकित मासिकानं लिंकन आणि अ‍ॅन यांची प्रेमपत्रं छापायला सुरुवात केली. विल्मा मायनर नावाच्या बाईनं ती आणून दिली होती. आयडा टार्बेल आणि कवी कार्ल सँडबर्ग यांच्यासारख्या लिंकनच्या नावाजलेल्या चरित्रकारांनीही आधी मान डोलावली. मग स्प्रिंगफील्डच्या पॉल अँगल यांनी आणि इतर जाणकारांनी ती पत्रं बारकाईनं वाचली.

एका पत्रात लिंकन जमिनीच्या '४० नंबरच्या तुकड्या'बद्दल बोलतो. आता लिंकन तेव्हा सरकारी मोजणीदाराचा मदतनीस होता. अमेरिकी मोजणीत सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप असते आणि तिचे एकेका चौरस मैलाचे बरोबर छत्तीस तुकडे पडतात. चाळिसावा तुकडा असतच नाही. ज्याचं पोट साखळी ओढून जमीन मोजण्यावर चालतं, तो ही चूक कशी करेल? दुसऱ्या पत्रात कुणीतरी कॅन्ससला निघाल्याचा उल्लेख होता, तर तो प्रदेश त्या नावानं १८५४ साली उघडला, वीस वर्षांनी. अ‍ॅनच्या पत्रात स्पेन्सरच्या कित्त्याचं नाव होतं. तो कित्ता निघाला अ‍ॅन मेल्यावर बारा-तेरा वर्षांनी. काही महिन्यांत सगळं बिंग फुटलं.

चरित्र कसं तपासायचं, याचा याहून चांगला धडा मला कुठे मिळालेला नाही. पत्रातली भाषा गोड होती, कागदही जुना दिसत होता. खोटेपणा पकडला तो मोजणीच्या आकड्यानं.

घरातली माणसं आणि बंद पेट्या

हर्नडनचं पुस्तक अखेर १८८९ साली, जेसी वाइक या तरुणाच्या मदतीनं निघालं. त्याआधी पैशांच्या ओढाताणीत त्यानं आपल्या टिपणांच्या नकला वॉर्ड लॅमन या लिंकनच्या मित्राला विकल्या होत्या आणि लॅमनच्या नावानं १८७२मध्ये एक चरित्र दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिलं होतं. तो भाग सोडून देऊ.

हर्नडनच्या अगदी उलट टोकाला उभे आहेत जॉन निकोले आणि जॉन हे. दोघंही व्हाइट हाउसमध्ये लिंकनचे चिटणीस होते, तिथेच राहायचे. रात्री लिंकन आखूड शर्टातच त्यांच्या खोलीत यायचा आणि काहीतरी विनोदी दाखवायचा, वाचायचा. जॉन हे यांच्या डायरीत असे प्रसंग त्याच रात्री लिहिलेले सापडतात, म्हणजे ते दुसऱ्या ढिगातले. 'सेंच्युरी' मासिकात चार वर्षं लेखमाला चालवून १८९०मध्ये त्यांनी दहा खंडांचं चरित्र काढलं. त्यांच्याइतकी कागदपत्रं तेव्हा दुसऱ्या कुणाकडे नव्हती, कारण लिंकनचा मुलगा रॉबर्टनं वडिलांचे सगळे कागद फक्त त्यांना उघडून दिले. अट एकच: छापण्याआधी मजकूर मी वाचणार.

ही अट ध्यानात ठेवूनच ते खंड वाचायचे असतात. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेलं यादवी युद्ध, मंत्रिमंडळ, सेनापतींशी पत्रव्यवहार याबाबत ते आजही उपयोगी आहेत. घर, लग्न, बाप यांच्याबद्दल मात्र तिथे मुलाच्या नजरेखालून गेलेलं तेवढंच मिळतं. कुटुंबानं कागद दिले, की कुटुंबाचा हातही लेखणीवर येतो. हे जगातल्या कुठल्याही अधिकृत चरित्राला लागू आहे.

रॉबर्टनं नंतर ते कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले आणि आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं उघडायचे नाहीत असं बंधन घातलं. तो २६ जुलै १९२६ला गेला. बरोबर एकवीस वर्षांनी, १९४७च्या त्या मध्यरात्री, अभ्यासक लायब्ररीत जमले होते. आता काहीतरी भयंकर गुपित बाहेर पडणार, खुनाच्या कटात एखादा मंत्री सापडणार, अशी कुजबुज होती. पेट्या उघडल्या. आत निघाले ते राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावरचे हजारो कागद: अर्ज, शिफारशी, तक्रारी, भाषणांचे मसुदे, लोकांनी पाठवलेली पत्रं. गुपित नव्हतंच. पण काम करणारा लिंकन होता, मसुद्यात शब्द खोडणारा आणि बदलणारा. १९४७च्या आधीची आणि नंतरची चरित्रं यांत जो फरक दिसतो, त्याचं एक कारण त्या पेट्या आहेत. निकोले आणि जॉन हे यांचं सोडलं, तर १९४७पूर्वीचं लिंकनचरित्र कितीही गाजलेलं असो, त्याच्या लेखकाला या पेट्या उघडून पाहायला मिळालेल्या नव्हत्या.

कार्ल सँडबर्ग यांचंही तसंच झालं. त्यांचे सहा खंड, दोन १९२६चे आणि चार १९३९चे, हे लिंकनबद्दलचं बहुधा सगळ्यांत प्रेमानं लिहिलेलं पुस्तक. इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचा हा स्वीडिश मजुराचा मुलगा. त्याच गावात १८५८मध्ये लिंकन आणि सिनेटच्या निवडणुकीतला त्याचा प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांचा एक जाहीर वाद झाला होता आणि तो ऐकलेली माणसं सँडबर्ग लहान असताना हयात होती. प्रेरीवरचं गवत, चिखल, मक्याची शेतं हे सगळं त्यांच्याइतकं कुणीच लिहिलं नाही. पण कुठली गोष्ट कुठून घेतली हे ते सांगत नाहीत, आणि अ‍ॅन रटलेजच्या प्रकरणात तर कवीनं इतिहासकाराला पार मागे ढकललं आहे. १९६२मध्ये समीक्षक एडमंड विल्सन यांनी लिहिलं, की बूथची गोळी लागल्यानंतर लिंकनवर ओढवलेली सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे तो सँडबर्गच्या हाती पडला, असं कधी कधी वाटून जातं. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. युद्धावरचे चार खंड पुष्कळ भक्कम आहेत. १९४०मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं तेही इतिहासाच्या विभागात, कारण चरित्राच्या विभागात वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्यावरची पुस्तकं घ्यायचीच नाहीत असा तेव्हा नियम होता. पुढे १९५४च्या एकखंडी आवृत्तीत सँडबर्ग यांनी आपल्याच हातानं बरीच काटछाट केली. ती वाचावी.

तीन पानं उघडून पाहा

दुकानात किंवा ग्रंथालयात नवं लिंकनचरित्र हातात आलं, की मी तीन तारखा शोधतो.

पहिली १८ सप्टेंबर १८५८. इलिनॉयमधल्या चार्ल्सटनला डग्लसबरोबरच्या वादात लिंकन म्हणाला, की गोऱ्या आणि काळ्या लोकांत सामाजिक आणि राजकीय समता आणावी असं माझं मत नाही आणि कधी नव्हतं. हे शब्द छापील आहेत, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले आहेत. जो चरित्रकार ते गाळतो, तो आपल्याला चौकटीतला लिंकन विकतोय. जो फक्त तेवढेच देतो आणि त्याच वर्षी, त्याच मोहिमेत लिंकन गुलामगिरीला उघडपणे अधर्म म्हणत होता हे सांगत नाही, तोही आपली फसवणूक करतो.

दुसरी तारीख २२ ऑगस्ट १८६२. न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांना लिंकननं जाहीर उत्तर दिलं: एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन. लिंकनला गुलामांची पर्वा नव्हती, असं म्हणणारे हे वाक्य नेहमी काढतात. आता कॅलेंडर पाहा. त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, त्यानं मंत्रिमंडळाला मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड म्हणाले, आत्ता काढलात तर हरणाऱ्याची शेवटची किंकाळी वाटेल, आधी एखादी लढाई जिंकू द्या. मसुदा टेबलाच्या खणात गेला. सप्टेंबरच्या १७ तारखेला अँटीटमची लढाई झाली, पाच दिवसांनी प्राथमिक जाहीरनामा निघाला आणि १ जानेवारी १८६३ला अंतिम. म्हणजे ग्रीलीला उत्तर देताना निर्णय झालेला होता. लिंकन उत्तरेतल्या संशयी गोऱ्या मतदाराचं मन तयार करत होता. हा क्रम मांडल्याशिवाय ते पत्र उद्धृत करणं म्हणजे अर्धी फिर्याद वाचून निकाल देणं. पण त्याच ऑगस्टच्या १४ तारखेला त्यानं कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून, तुम्ही देशाबाहेर वसाहत करावी, असं सुचवलं होतं. तेही त्याच पानावर यायला हवं, आणि ते वाचताना आपल्याला टोचायलाही हवं.

तिसरी ११ एप्रिल १८६५. व्हाइट हाउसच्या खिडकीतून केलेलं शेवटचं भाषण. काही कृष्णवर्णीयांना, म्हणजे शिकलेल्यांना आणि सैनिकांना, मताचा अधिकार द्यावा असं आपलं मत त्यानं पहिल्यांदा जाहीरपणे बोलून दाखवलं. खालच्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्यानं गोळी झाडली.

या तीन पानांवर लेखक खरा उतरला, की मी ते पुस्तक घरी नेतो.

मग वाचायचं काय?

एकच वाचायचं असेल तर डेव्हिड हर्बर्ट डोनाल्ड यांचं १९९५चं. डोनाल्ड यांनी तरुणपणी हर्नडनचंच चरित्र लिहिलं होतं, त्यामुळे तिसऱ्या ढिगातला कोणता दाणा पोकळ आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांची शिस्त अशी, की त्या क्षणी लिंकनला जे माहीत होतं तेवढंच वाचकाला सांगायचं. त्यामुळे पुढचं ठाऊक असूनही आपण त्याच्याबरोबर चाचपडतो. मी घटनांवर ताबा ठेवला असा माझा दावा नाही, घटनांनीच माझ्यावर ताबा ठेवला, हे लिंकनचं १८६४मधलं वाक्य त्यांनी सुरुवातीलाच ठेवलं आहे आणि सगळं पुस्तक त्याच्या उजेडात लिहिलं आहे. इथे माझी तक्रार आहे. ते वाक्य एका राजकारण्यानं निवडणुकीच्या वर्षी, केंटकीतल्या नाराज लोकांना समजावताना लिहिलेलं आहे. ज्यानं मसुदा दोन महिने खणात ठेवून योग्य वेळेची वाट पाहिली, तो इतका वाहत जाणारा नव्हता.

डोरिस कर्न्स गुडविन यांचं २००५चं पुस्तक वाचायला सर्वांत सोपं. स्पीलबर्गचा २०१२चा सिनेमा काही अंशी त्यावरच बेतला आहे. आपल्या प्रतिस्पर्ध्यांनाच मंत्री करून लिंकननं त्यांना एका जुवाला जुंपलं, ही त्याची मांडणी. माणसं सुरेख उभी राहतात. पण हिशेब लावून पाहा: १८६०च्या उमेदवारीत लिंकनशी स्पर्धा केलेले चार जण मंत्री झाले. त्यांतले कॅमेरॉन १८६२च्या जानेवारीत गेले, चेस १८६४च्या जूनमध्ये, बेट्‌स त्याच वर्षाच्या शेवटी. अखेरपर्यंत टिकले एकटे स्यूअर्ड.

मायकेल बर्लिंगेम यांचे २००८चे दोन खंड म्हणजे साधनांचं कोठार. मेरी टॉडबद्दल ते कठोर आहेत आणि त्या कठोरपणामागे हर्नडनची टिपणं आहेत, म्हणून शेजारी जीन बेकर यांनी १९८७मध्ये लिहिलेलं मेरीचं चरित्र ठेवावं.

गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र एरिक फोनर यांचं २०१०चं पुस्तक आधी घ्या. ते जन्मापासून मरणापर्यंतचं चरित्र नाही. एकाच प्रश्नावर लिंकनचं मत कसं आणि कुणामुळे सरकत गेलं, एवढंच त्यात आहे. 'कुणामुळे' हा शब्द मोलाचा. मळे सोडून उत्तरेच्या फौजेकडे पळत आलेले हजारो गुलाम, तीस वर्षं अंडी-दगड खात सभा घेणारे मुक्तिवादी, युद्धात उतरलेले सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक, या सगळ्यांनी लिंकनला ढकललं. मला इथे जोतीराव फुल्यांची आठवण येते. १८७३ साली 'गुलामगिरी' छापताना त्यांनी पुस्तक अर्पण केलं ते युनायटेड स्टेट्‌समधल्या सदाचारी लोकांना. अर्पणपत्रिकेत लिंकनचं नाव नाही. ज्याच्या खुनाला जेमतेम आठ वर्षं झाली होती त्या महापुरुषाऐवजी फुल्यांनी लोकांना मान दिला. फोनर आज जे सांगतात, त्याच्या फार जवळ ते पुण्यात बसून पोचले होते.

आणि फ्रेडरिक डग्लस यांचं १४ एप्रिल १८७६चं भाषण चुकवू नका. स्वतः गुलामीतून पळालेला हा माणूस, मुक्त झालेल्यांनी पैसे जमवून उभारलेल्या लिंकनच्या पुतळ्यासमोर, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या देखत बोलला. लिंकन हा गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, असं तो तोंडावर म्हणाला. मुक्तिवाद्यांच्या जागेवरून पाहिलं तर तो संथ, थंड, उदासीन वाटतो. आणि त्याच्या देशाच्या मनोवृत्तीच्या मापानं मोजलं तर तोच वेगवान, आवेशी, जहाल आणि निश्चयी दिसतो. डग्लस त्याला ओळखत होता, भांडला होता, व्हाइट हाउसमध्ये जाऊन बसला होता. अर्ध्या तासात वाचून होणारं ते भाषण मी कितीतरी जाड खंडांच्या वर ठेवतो.

कुणी लिंकनच्या नावानं एखादं सुभाषित पाठवलं, तर डॉन आणि व्हर्जिनिया फेरेनबाखर यांचा १९९६चा संग्रह पाहावा. इतरांनी 'लिंकन मला असं म्हणाला' म्हणून सांगितलेली शेकडो वाक्यं त्यात आहेत आणि प्रत्येकाला ए ते ई अशी श्रेणी दिली आहे. ऐकणाऱ्यानं लगेच लिहून ठेवलं असेल तर ए, बहुधा खरं नसेल तर ई.

बर्लिंगेम यांच्या चरित्राचं मूळ, अधिक लांब हस्तलिखित नॉक्स कॉलेजनं इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे, सगळ्या टिपांसह. त्यात बालपणाचं प्रकरण उघडा आणि कागद नसला की अब्राहम आवडलेला मजकूर लाकडी फळीवर लिहून ठेवायचा, ही गोष्ट शोधा. खालची टीप धरून मागे जा. तुम्ही ८ सप्टेंबर १८६५ला पोचता, इलिनॉयमधल्या एका शेतावरच्या घरात. समोर सावत्र आई सेरा बसली आहे, शहात्तर वर्षांची, थकलेली. हर्नडनला आधी शंका होती, की हिला काही आठवेल का. ती बोलत जाते, तो लिहीत जातो: फळीची गोष्ट, पुस्तकांची गोष्ट, असा मुलगा मी दुसरा पाहिला नाही ही गोष्ट. मग ती सांगते, की एबनं निवडणुकीला उभं राहू नये असं मला वाटत होतं, तो निवडून येऊ नये असंही वाटत होतं. त्याला काहीतरी होईल अशी भीती होती. निवडून आल्यावर तो भेटायला आला, तेव्हाही आतून कुणीतरी सांगत होतं की हा आता पुन्हा दिसायचा नाही.

खून होऊन पाच महिने झाले होते. ही भीती तिला खरंच आधी वाटली होती की मुलगा गेल्यावर मनात उमटली, हे कुठलीच टीप सांगू शकत नाही. हर्नडननं ते तिच्या शब्दांत लिहून घेतलं आणि वर तारीख घातली.